गिनीपिग नंबर सात

१३ जानेवारी १९८६, सोमवार

ऑपरेशनआधी कातडीला कुठलं औषध फासायचं ते म्हणे मीच ठरवायचं! सर्जन रस्तोगी आज चहा पाजत म्हणाले, "आप तो ठहरे बैक्टीरिया के आदमी. हमसे बेहतर आप जानते हैं." ही लखनवी नम्रता बाजारात ठीक आहे. पण कापणार मला आहेत ना!

मधुमेहाने डोळे सोडले, पाय सोडले आणि नेमकं पुरुषपणच घेतलं. तीन वर्षं झाली. आता आत सिलिकॉनच्या दोन दांड्या बसवायच्या आहेत. मावसभाऊ उल्हासने त्या अमेरिकेहून आणल्या. दिल्लीच्या कस्टमवाल्याला म्हणाला, मासेमारीचं सामान! जोडी एकच. ऑपरेशनच्या वेळी कातडीवरचा जंतू आत शिरला तर दोन्ही काढून टाकायच्या, आणि दुसरी जोडी काही मिळायची नाही.

बायकोला, उल्काला, हर्निया सांगितलंय. लेक नयना पुण्याला शिकायला गेली तेव्हापासून ती नयनाच्या खोलीत झोपते. तिला परत आमच्या खोलीत आणायचंय. बाकी मला काही नको.

१७ जानेवारी

उमेदवार जंतुनाशकं दोन. एक, स्पिरिटमधलं क्लोरहेक्झिडीन: असर टिकतो, पण तिथली कातडी पातळ, भाजेल अशी रस्तोगींना धास्ती. दोन, तपकिरी आयोडीनचं द्रावण: सौम्य, पण वाळायला वेळ घेतं. हातावर लावून बघण्यात अर्थ नाही, तिथले जंतू वेगळे. जिथे लावायचं तिथलीच परीक्षा घ्यायला हवी. माझ्यावर. माझ्याच प्रयोगशाळेत.

पण जंतू वाढवायच्या काचेच्या बशा स्टोअरमधून प्राण्याचा नंबर लिहिल्याशिवाय मिळत नाहीत. फॉर्मवर 'माणूस' असा रकानाच नाही! आमच्याकडे गिनीपिग सहा. मी लिहिलं: सात.

२ फेब्रुवारी, रविवार

उल्काला "लॅबमध्ये काम आहे" सांगून निघालो. इन्स्टिट्यूट रिकामी. बाथरूममध्ये डावीकडे स्पिरिटवालं, उजवीकडे आयोडीन.

आई गं!

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तरी थोडं ओरडलो असणार, कारण प्राणिघराचा गजेंद्र दार ठोठावायला लागला. "साहब! साँप निकला क्या?" म्हटलं, नाही. "तो फिर चिल्लाए काहे?" मी म्हटलं, भैया, जाओ. तो गेला नाही, काठी घेऊन बाहेर उभा राहिला.

३ फेब्रुवारी

अजून जळतंय. बसायची सोय नाही. खिडकीशी उभा राहून पेपर वाचला.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्पिरिटवाल्याचं नाव खोडलं. आज नुसतं आयोडीन. पहिल्या खेपेला घाईघाईने पुसलं होतं, तर बशीत जंतूंची जत्रा भरली होती! आज दोनदा लावलं आणि आपोआप वाळू दिलं. घड्याळ लावून पंख्याखाली उभा राहिलो, धोतर हातात. सत्तेचाळीस वर्षांचा शास्त्रज्ञ! उल्काने सकाळी विचारलं होतं, "आजही लॅब?" मी म्हटलं, आजही.

१८ फेब्रुवारी

बशा स्वच्छ. एकही ठिपका नाही! मी चक्क शिट्टी वाजवली.

२६ फेब्रुवारी

घात झाला. आमचे डायरेक्टर निगमसाहेब रजिस्टर चाळत बसले आणि सात नंबरवर फिदा झाले. "नरेंद्रजी, यह तो कमाल का जानवर है! इसके जंतु तो बिल्कुल आदमी जैसे!" मी म्हटलं, हो, थोडंफार साम्य आहे. म्हणाले, याच्यावर पेपर लिहू. पुढच्या आठवड्यात दिल्लीचे पाहुणे येतायत, त्यांना दाखवू. नंतर मारून कातडीचे काप घेऊ.

मी "जी सर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२८ फेब्रुवारी

गजेंद्रने पिंजरे चार वेळा मोजले. सहाच. बिचारा रडकुंडीला आला. "साहब, मेरी नौकरी जाएगी." मला इतकी लाज वाटली! तरी सातवा पळून गेला असेल, असं पुटपुटलो. गजेंद्र गाजर घेऊन बागेत हाका मारत हिंडला. सात नंबरला!

३ मार्च

गजेंद्र काल नख्खासच्या बाजारातून एक गिनीपिग घेऊन आला. कानावर शाईने ७ काढलाय. मी त्याला मिठीच मारली.

६ मार्च

पाहुण्यांनी नमुना घेतला. जंतू साफ वेगळे. निगमसाहेबांचा चेहरा उतरला. मी गंभीरपणे म्हणालो, आयोडीनचा परिणाम असावा. पाहुण्यांनी माना डोलावल्या. पेपर बारगळला, गिनीपिग वाचला. गजेंद्र त्याला घरी घेऊन गेला.

१० मार्च

रस्तोगींना निकाल कळवला. आयोडीन, दोनदा, पूर्ण वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. म्हणाले, "जो हुक्म!" ऑपरेशन चोवीस तारखेला. निघताना सहज म्हणाले, "फॉर्म पर भाभीजी के दस्तख़त चाहिए." फॉर्मवर ऑपरेशनचं नाव स्पष्ट टाइप केलंय. हर्निया कुठेच नाही.

१५ मार्च

फॉर्म पाच दिवस बॅगेतच आहे.

१६ मार्च, रविवार

आज दिला. उल्काने दोनदा वाचला. मी सगळं सांगितलं, तीन वर्षांचं. ती उठून नयनाच्या खोलीत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. नागपूरच्या एका शाळेचं नेमणूकपत्र, तिच्या नावाचं. एक एप्रिलला हजर व्हायचं.

म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला मी नकोशी झालेय. आणि हे रविवार सुरू झाले तेव्हा वाटलं, दुसरी कुणीतरी आहे." मग बराच वेळ रडली. मीही. "अहो, औषध कुठलं लावायचं हे दोन महिने तपासलंत. मला एकदा विचारलं नाहीत?"

तिने फॉर्मवर सही केली. नेमणूकपत्र घडी करून परत पाकिटात ठेवलं. फाडलं नाही.