वरच्या खोलीच्या नोंदणीबाबत

तीर्थरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायचा म्हटलं तर सध्या माझ्याकडे आडवं होण्याइतकी जागा नाही, तेव्हा कागदावरच स्वीकारावा.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईने लिहिलं होतं की भाडेनोंदणीचा नवा नियम लागू झाल्यापासून तुमच्या कार्यालयातल्या सगळ्यांनाच दिवसभर लोकांचे जिने चढावे लागतात. ज्या नियमासाठी मी वर्षानुवर्षं घसा फोडला, त्याचा भार शेवटी माझ्याच बहिणीच्या नवऱ्याच्या गुडघ्यावर यावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण मोठ्या सुधारणांना अशी किंमत द्यावीच लागते, हे इतिहासात पानोपानी दिसतं. माझी तब्येत बरी आहे. थोडा खोकला आहे, तो गंजाचा.

नियम तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण तो सांगताना मला अजून भरून येतं. भाड्याची प्रत्येक खोली नोंदवलेली हवी, आणि नोंदवण्याआधी तपासलेली हवी. खिडकी उघडली पाहिजे, दाराला आतून कडी पाहिजे, नळाला पाणी पाहिजे. आणि एकदा भाडेकरूचं नाव लागलं की कारणाशिवाय त्याला कोणी हलवू शकत नाही. यावर मी चौकात बोललो, वाचनालयात बोललो आणि एकदा (सभागृह चुकल्यामुळे) दंतवैद्यांच्या संमेलनातही बोललो. टाळ्या तिथे जास्त पडल्या. आमचे घरमालक प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत असत आणि ‘असल्या मालकांना उघडं पाडलंच पाहिजे’ असं शेजारच्याला सांगत. हे कोणाबद्दल चाललंय ते त्यांना कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लढा सबंध वृत्तीशी असताना एका माणसाकडे बोट दाखवणं मला क्षुद्रपणाचं वाटतं. (शिवाय माझ्या खोलीचा जिना त्यांच्या बैठकीतूनच वर जातो.)

मालकांचं कुलपांचं दुकान आहे. तरी माझ्या दाराला इतकी वर्षं सुतळीच होती. तुमच्या कार्यालयातला तो चष्मेवाला तपासनीस आला, त्याने सुतळीकडे पाहिलं, मग खिडकी ढकलली, तर ती चौकटीसकट त्याच्या हातात आली. मालकांना खरंच धक्का बसला. ‘अहो, हे इतकी वर्षं राहताहेत, पण कधी एका शब्दाने बोलले नाहीत,’ ते म्हणाले. तपासनीसाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिथे ओल होती, तीही त्याने लिहून घेतली.

मग गवंडी आले, सुतार आला. तोवर माझी सोय सामानासकट खालच्या कोठीत झाली, जिथे दुकानातली न खपलेली कुलपं पोत्यांत भरून ठेवतात. मी मात्र रोज वर जाऊन सूचना देत असे : खिडकी रुंद हवी, पुस्तकांना भिंतभर फळ्या हव्यात, रंग डोळ्यांना निववणारा हवा. मालक निमूटपणे करत गेले. दाजी, खोली अशी झाली की तिच्यावर बोलावंसं वाटलं. आणि मी बोललो, तिथेच सगळं बिनसलं. मालकीणबाई नुसत्या रंग बघायला वर आल्या होत्या. पण श्रोता समोर आला की माझं काय होतं, ते तुम्ही जाणताच. मी त्यांना भाडेकरूचे हक्क एकेक करून समजावले. त्या खिडकीशी बसून शांतपणे ऐकत होत्या. वारा छान येत होता. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे एकदा नाव लागलं की ह्यांनासुद्धा मला उठवता यायचं नाही?’

‘कदापि नाही,’ मी म्हणालो. त्या उठल्याच नाहीत.

मालक वर आले. ‘अगं, चल खाली. भाड्याची खोली आहे ती.’

‘मग द्या भाड्याने.’

‘बायकोला?’

‘का, ह्या भाडेकरूंना चालते ती मला चालणार नाही? जन्म गेला त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात.’

‘आणि हे कुठे जातील?’

‘ते खाली आहेतच की. काही म्हणाले का?’

मी काही म्हणालो नव्हतो.

तपासनीसाने नियम पुन्हा पुन्हा चाळला. नवऱ्याने बायकोला भाडेकरू ठेवू नये, असं त्यात कुठेही नाही. (लिहिणाऱ्यांना सुचलंच नसणार. मसुद्यावर सूचना मीही पाठवल्या होत्या.) आमच्या भागातल्या पहिल्या नोंदणीकृत भाडेकरू म्हणून बाईंचा सत्कार झाला. भाषण मीच केलं. आता नळ ठिबकला की त्या वरून नुसतं ‘मालक’ म्हणतात आणि मालक पाना घेऊन धावतात. कोठी ही मात्र नियमाप्रमाणे खोलीच नव्हे, त्यामुळे तिथे राहणारा भाडेकरू नव्हे. मग हे कोण, असं तपासनीसाने माझ्याबद्दल विचारलं, तेव्हा मालक अडखळत म्हणाले, ‘दुकानातला माल धरा.’ ‘न खपलेला,’ बाई वरून म्हणाल्या.

मी खचलेलो नाही. नियम योग्यच आहे आणि त्याचा लाभ कोणाला तरी झाला, हे मी तत्त्वाच्या दृष्टीने यशच समजतो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता. क. नोंदवलेल्या खोलीची फेरतपासणी करण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, असं ऐकतो. वशिल्याला माझा जन्मभर विरोध आहे, तेव्हा मी काही मागत नाही. जिन्याची एक पायरी हलते, एवढं फक्त जागरूक नागरिक या नात्याने कळवतो. (आज सकाळपासून हलते.) खोली नापास झाली की नोंदणी रद्द होते, नोंदणी रद्द झाली की बाई खाली येतील आणि मी वर जाईन. मला सुतळी चालेल.

आणखी एक. हे तुमच्या तत्त्वात बसत नसेल तर तुमच्याबद्दलचा माझा आदर वाढेलच. ताई सहज लिहून गेली की तुमच्या मागच्या खोलीत ते पोस्टातले गृहस्थ अजून भाड्याने राहतात आणि त्यांची नोंदणी करायचं तुमचं राहूनच गेलंय. कामाच्या गडबडीत होतं असं. रविवारी चौकात माझी सभा आहे. विषय अजून ठरलेला नाही.