पायाचा कौल

बाबा, आज पुन्हा हत्तीरोगाच्या गोळ्या वाटून आले. घसा बसलाय, पोटऱ्या भरून आल्यात, तरी अंगात नुसती मस्ती आहे. तुम्ही असतात तर पडवीतूनच ओरडला असतात, "इलंस गो सरकारची सून?"

तुम्ही आयुष्यभर लुंगी घोट्यापर्यंत सोडून वावरलात. होडी ओढताना बाकीचे गडी लुंगी गुडघ्यावर दुमडायचे. तुमची चिखलात लोळायची, पण वर जायची नाही. हत्तीरोगाने डावा पाय खांबासारखा झालाय हे वाडीला ठाऊक होतं, पण तो बघितलेला कुणी नव्हता. आई गेल्यावर घरात आपण दोघंच, तरी मीही नाही. पंगतीत मांडी घालता येत नाही, म्हणून "माका भूक नाय" सांगून तुम्ही लग्नाच्या घरून उपाशी परत यायचात.

मी गावची आशा सेविका झाले आणि पहिल्याच वर्षी ही मोहीम माझ्या गळ्यात आली. आदल्या वर्षी कुणीतरी गोळ्या घरोघरी हातावर टेकवून गेलं होतं. शेजारचा काका समुद्रावरून उपाशी आला, तशाच गिळल्या, दिवसभर ओकला आणि तापाने फणफणला. झालं! सरकार माणसं मारायला निघालंय म्हणत सगळ्यांनी आपापल्या गोळ्या खाडीत फेकल्या. मी दारोदार सांगत फिरले, की हे जंत डासांमधून अंगात शिरतात, वर्षानुवर्षं कळतही नाही. ते मरताना थोडा ताप येतो, डोकं दुखतं, एक-दोन दिवसांत उतरतं. जास्त वाटलं तर मला हाक मारा, डॉक्टरांकडे नेते. ऐकतंय कोण! शेवटी मानकऱ्यांनी ठरवलं, रविवारी देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावायचा. उजवा पडला तर गोळी घ्यायची, डावा पडला तर मी गोळ्यांची पेटी घेऊन परत जायचं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन तवा आदळला. "डावा पडला तर? उद्या पोरांचे पाय तुमच्यासारखे होतील, तेव्हा कुणाला विचारणार?" बोलून गेले आणि रडायलाच लागले. तुम्ही जाळं विणत होता. सुई थांबली. "रडतंस कित्याक गो?" एवढंच म्हणालात.

रविवारी देवळासमोर अख्खी वाडी जमली. गाऱ्हाणं घालायचा मान तुमचा, तुमचा आवाज खाडीपलीकडे जायचा. तुम्ही पुढे झालात, आणि देवाकडे वळायच्या आधी लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतलीत. बायकांनी तोंडाला पदर लावला. "देवाक कित्याक तरास देतास? कौल ह्या पायाक विचारा," तुम्ही म्हणालात. "गोळयेचो ताप एक दिसाचो. ह्यो पाय माका जल्माक पुरलो. माज्या येळाक माका कोणी गोळी दिली नाय." मग हात जोडून घातलंत गाऱ्हाणं: "बा देवा म्हाराजा, तुजी लेकरां आज गोळी खातत. तेंका ताप इलो तर तो उतरव. माजो पाय झालो तसो ह्या वाडीत कोणाचोच होव नये, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने गरजले आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. देवासमोर होय म्हणून बसले, आता मागे फिरणार कसे?

मी म्हटलं, उपाशीपोटी कुणालाच मिळणार नाही. "पयली पेज, मगे गोळी!" तुम्ही हुकूम सोडलात आणि घराघरांतून पेजेची टोपं आली. वयाप्रमाणे मोजून देत होते, माझ्यासमोर गिळायला लावत होते. उत्साहाच्या भरात तुम्ही शेजारच्या पोटुशा सुनेलाच पुढे ओढलंत. मी तुमचा हात धरला. "बाबा, गरोदर बाईला नाही द्यायची. दोन वर्षांखालच्या पोरांना नाही, फार आजारी असेल त्यालाही नाही." चारचौघांत तुम्हाला अडवलं, आता खाते शिव्या, असं वाटलं. तुम्ही हात मागे घेतलात आणि गर्दीवर खेकसलात, "शिरा पडो तुमच्या तोंडार, गडबड कसली करतास? माजां चेडू सांगता तां आयका!" बाबा, मला कुणी शाल-श्रीफळ दिलं असतं तरी एवढी छाती फुगली नसती.

काकाला ताप आलाच. पण दुसऱ्याच दिवशी तो होडीवर बसून सगळ्यांना सांगत होता, माझ्या अंगातले जंत मेले म्हणून.

"पयली पेज, मगे गोळी" आता वाडीतली पोरंसुद्धा ओरडतात. आज मुंबईहून आलेला एक जावई म्हणाला, मला काही झालेलं नाही, मी का घेऊ? मी तोंड उघडायच्या आत काकी कडाडली, "तुज्या सासऱ्यान तो पाय बघललो हा, तेका विचार!" सासरा मान खाली घालून पेज आणायला उठला. जावयाने मुकाट्याने गोळ्या घेतल्या. तुमच्यानंतर वाडीत एकाचाही पाय सुजलेला नाही, बाबा. एकाचाही नाही.

हे पत्र टाकणार कुठे? गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवते. त्या रविवारपासून तुम्ही मला पाय धुवू द्यायला लागलात, आठवतं? रोज संध्याकाळी पडवीत साबण, साधं पाणी, मग बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने कोरड्या करायच्या, जखम होऊ नये म्हणून. गोळीने पाय पूर्वीसारखा होणार नव्हता, हे तुम्हाला मी सांगितलं होतं. तरी तुम्ही बसायचात, आणि तेवढा वेळ बोलायचात. दर्याचं, आईचं, कधी कुणाला न सांगितलेलं.

एक मात्र सांगितलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बजावलं होतं, की पाय कसा धुवायचा ते पेशंटला शिकवा, त्याचा त्याला धुवू द्या. तुम्हाला ते सहज जमलं असतं. मी मुद्दाम शिकवलं नाही.