चबुतऱ्याखालचं पाणी

बेल्लमपल्ली, खाण वसाहत
१८ जानेवारी १९७३

ती. सुंदरदादांस,
धाकट्या सरस्वतीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. यांची खाणीतली पाळी बदलली, त्यामुळे घरातल्या काळ्या अंघोळी आता दुपारी होतात. एक विचारायचं होतं. खाणीमागच्या जुन्या मसणवट्यात आपल्या लिंगायतांच्या चार समाध्या आहेत. एकीवर कोरलंय: त्रिंबकअप्पा, चिंचवाडी, तालुका केज, सन १९३१. आपल्या अप्पांनी तर १९२१ च्या दुष्काळात गावातच जिवंत समाधी घेतली ना? मी तान्ही होते, तू पाच वर्षांचा. दहा वर्षांनी ते इथं येऊन पुन्हा कसे वारले, तेवढं कळव. संत झाले तरी एवढी ये-जा बरी नाही.

आईला जप, माझी आठवण आटू देऊ नकोस.

तुझी सरू

चिंचवाडी
३ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. सरस्वतीस अ. उ. आ.

तुझं पत्र चुलीत घातलं, तूही हे घाल. अप्पा न सांगता निघून गेले होते. आईला टाकलेली म्हणू नये कुणी, म्हणून काकांनी अप्पांची काठी न् घोंगडं पुरून चबुतरा बांधला. तिलाही समाधीच सांगितली. मी पाहिलं होतं. गप राहायला काकांनी गूळ दिला, तो अजून तोंडात आहे. आई आजही तिथं रोज तांब्याभर पाणी घालते.

गावच्या विहिरीसाठी पाणी शोधताना पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला तो नेमका त्या चबुतऱ्यावर. सरकारी माणसांनीही खूण तिथंच केली. टँकर आठवड्यातून दोनदा येतो. मी त्रिंबकअप्पा सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा चेअरमन. संस्थेत सगळं आहे, पाणी तेवढं नाही. खणा म्हणावं तर गाव मला पुरेल, नको म्हणावं तर गावच तहानेनं जाईल.

लोभ आहेच, तोंड तेवढं बंद ठेव.

तुझा दादा

बेल्लमपल्ली
१९ फेब्रुवारी १९७३

ती. दादांस सा. न. वि. वि.

तोंड बंद ठेवायला मी काही संस्थेची सभासद नाही. इथं सटवा नावाचा म्हातारा खाणकामगार आहे, अप्पांचा सोबती. अप्पा वारल्यावर त्यानंच त्यांना आपल्या रीतीनं खड्ड्यात मांडी घालून बसवलं, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. तो म्हणाला, मरायच्या आदल्या वर्षी अप्पा घरी निघाले होते. परळीच्या बाजारात चिंचवाडीचा गाडीवान भेटला. कोळशानं काळ्या तोंडाला त्यानं ओळखलं नाही, वर सांगितलं की गावात त्रिंबकअप्पाची समाधी लई जागृत हाय, जमलं तर पाया पडून जा. स्वतःच्या समाधीला नमस्कार करायला कोण जाईल? अप्पा तिथूनच माघारी फिरले.

दादा, त्या चबुतऱ्यानं बापाला गावात येऊ दिलं नाही. आता पाण्यालाही देत नाही. गावाला खरं सांग.

रागावलास तरी चालेल, परका होऊ नकोस.

तुझी सरू

चिंचवाडी
२० मार्च १९७३

चि. सौ. सरस्वतीस अ. उ. आ.

आधी आईला सांगितलं. तिनं फक्त परळी किती कोस, ते विचारलं. मग चावडीवर सभा बोलावून सगळं सांगितलं, तुझं पत्रही वाचलं. बंकट पाटील म्हणाले, आमी काय खुळे हाय व्हय, विहिरीपायी चेअरमन बापाला पळपुटा म्हणतोय, असला त्याग पाहिला न्हाई. मला हार घातला. गावासाठी इतकं खोटं बोलणाऱ्याच्या बापाची समाधी खणायची नाही, असा एकमतानं ठराव झाला. अध्यक्ष म्हणून सही माझीच.

आता चबुतऱ्याला तारेचं कुंपण आहे. पाऊस पडावा म्हणून टँकर आला की प्रत्येक बाई त्यातला एक तांब्या तिथं ओतते. गावात ओलं असं तेवढंच एक ठिकाण उरलंय.

आई तेवढी जात नाही. तिचा तांब्या ती आता स्वतः पिते.

आपलं म्हणत राहा.

तुझा दादा