नूतनच्या जोडासाठी राऊटर

३ नोव्हेंबर, सोमवार

वेल्ह्याच्या वाचकांनो! काल कापूरहोळच्या चौकात तुमची पुस्तकं रस्त्यावर सांडली आणि त्यांच्यावरून टेम्पो गेला! कुणामुळे? खिळ्यांमुळे!

— हे भाषण सकाळपासून डोक्यात घुमतंय, आणि ऐकायला फक्त ही वही. फिरत्या वाचनालयाची पेटी जीपमधून एसटीत चढवताना कोपऱ्यातून फुटली. एका चरित्राची शेवटची पानं मी ढाब्याच्या खाटेखालून गोळा केली.

पुस्तकांच्या वजनाने खिळे निघतातच. फळ्यांनी एकमेकींत दात रोवून कोपरा धरायला हवा. त्याला डोव्हटेल म्हणतात. पासलीचे सोनबा सुतार तो जोड हाताने करायचे. आता नजर साथ देत नाही. त्यांची मुलगी नूतन म्हणते, मी करते, जिगवर. जिग, म्हणजे खाचांचा साचा, तिने मिळवलीय. तिच्यावर चालवायला राऊटर, म्हणजे खाचा पाडणारं विजेचं मशीन, नाही.

सोनबा आज तिच्यादेखत म्हणाले, "चंपाषष्ठीपत्तोर पोरीनं मशीनवर जोड बसवून दावला तर शेड तिची. न्हाई तर पुतन्या हायेच. बंटीला मोबाईलचं दुकान टाकायचंय."

"मशीन मी आणते!" मी म्हटलं. फळीवर हात आपटून. सवय!

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस राऊटरशिवाय काही वाचलेलं नाही. खाली तोंड करून गरगरणारं पातं — एवढंच ते. जिगला कंगव्यासारखे दाते असतात. राऊटरच्या तळाला एक कडं बसवतात, बुश म्हणतात त्याला. ते दात्यांना घासत जातं आणि खालचं पातं लाकडात खाच पाडतं. पातं खाली रुंद, वर निमुळतं. म्हणून खाच पूर्ण खोलीची, एकाच दमात घ्यावी लागते.

एकाच दमात! मग ताकदच हवी. सगळ्यात मोठं घ्यायचं. ठरलं.

नूतनचा व्हॉईस मेसेज आलाय. चार मिनिटांचा! "बाई, घ्यायच्या आदी एक सांगायचं व्हतं..." तेवढ्यात एसटी लागली. राहिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्याचा दुकानदार म्हणतो, "पेट्याच करायच्यात ना मॅडम? मधलं मशीन चालेल."

चालेल! डोंगरातल्या मुलींना कायम 'चालेल' तेच का द्यायचं? दहा मिनिटं सुनावलं त्याला. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. एकाने तर टाळी वाजवली. सगळ्यात मोठं घेऊन आले.

८ नोव्हेंबर

सहा किलो! भोरच्या स्टँडवर पिशवीचा बंद तुटला.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

सोनबांच्या शेडला लागून बाजीरावांची भाताची गिरणी आहे. सुगी आहे, गिरणी दिवसभर चालू-बंद होत असते. नूतनने दोन खाचा सुरेख घेतल्या. तिसरी निम्म्यावर असताना गिरणी सुरू झाली. बल्ब पिवळा पडला. मशीनचा आवाज बसला, ते हातात अडखळलं — आणि तिने घाबरून ते वर उचललं. पातं फिरतंच होतं! जिगचे दोन दाते कापत वर आलं. तुकडा पत्र्यावर जाऊन आदळला. बोटं वाचली, एवढंच.

सोनबांनी बटण बंद केलं. तुकडा शोधून हातात धरला. "बाई, भाषन लई झ्याक करता तुमी. गिरनीला तेवडं ऐकू गेलं न्हाई."

नूतनने केरसुणी घेतली. भुसा झाडत राहिली. बंटी दारात उभा राहून मोबाईलवर शेडची लांबी-रुंदी कुणाला तरी सांगत होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिचा मेसेज आज शेवटपर्यंत ऐकला.

"...लई मोठं नगा आनू बाई. गिरनी लागली की हितला करंट पडतो. मोठं मशीन मधीच दम खातंय. आन् मला पेललं पायजे, जिगच्या कडंला ते कलतं. मधलंच आना. बटन मुठीजवळचं. बुश बरुबर मधोमद बसतोय का तेवडं बघा."

सगळं होतं त्यात! मी चाळीस सेकंद ऐकला होता. आणि मी तालुकाभर सांगत फिरते — बायांचं ऐका! थू माझ्यावर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मशीन बदलायला आज नूतनला घेऊन गेले. तोंड उघडायचं नाही, असं ठरवून. किती अवघड! दुकानदार माझ्याकडेच बघून बोलायचा, मी नूतनकडे बोट दाखवायची.

तिने तीन मशीनं काउंटरच्या कडेवर अर्धी बाहेर ठेवून पाहिली. दोन कलली. उरलेल्याची मूठ न सोडता अंगठ्याने बटण दाबून पाहिलं. मग पातं लावलं, आणि बुश आणि पातं यांच्या फटीत कागदाची घडी घालून चारी बाजूंनी फिरवली. सारखी गेली.

"हेच द्या."

"ताकद कमी आहे हां याची," तो म्हणाला.

"आमच्या करंटाएवडी हाय."

जिगला नवा कंगवाही तिनेच मागून घेतला. परतताना कापूरहोळला चहा घेतला. म्हणाली, "बाई, तब्येत बरी हाय न्हवं? सकाळधरनं गप हाय तुमी."

२३ नोव्हेंबर, रविवार

बसला! जोड बसला!

आधी तिने दारातून हाक दिली, "बाजीरावकाका, धा मिंटं द्या!" "दिली बाये!" म्हणत त्यांनी पट्टा उतरवला. खाचा झाल्या. दोन फळ्या तिने तळहाताने दाबल्या — कोपरा बंद. चारी कोपरे झाल्यावर सोनबा पेटी उलटी करून तिच्यावर उभे राहिले. उतरले. नखाने फट शोधली.

"बसलाय," म्हणाले. आणि घराकडे निघून गेले. इतक्या घाईने का?

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

शेडला बंटीचं कुलूप. सोनबा मान खाली घालून म्हणाले, "भावाला दिवाळीच्या आदीच शबूद दिलाता बाई. पोरीला न्हाई म्हनवंना, म्हनून परीक्षा घातली. वाटलं न्हवतं जोड बसंल."

यावेळी आधी नूतनला विचारलं, काय करू?

"बाई," ती म्हणाली, "आता बोला."

तर पासलीकरांनो, उद्या सकाळी नऊ वाजता घरातला मोडका पाट, निखळलेलं कपाट, तुटकी खुर्ची, असेल ते एक घेऊन शेडच्या दारात या — आणि सोनबांच्या डोळ्यांदेखत दुरुस्तीला नूतनच्या हातात द्या!