पायऱ्यांवरची आठवी

१८ मार्च
क्योतोला सुखरूप पोचले. कुरामोचींच्या छापखान्यात देवळांची चित्रं लाकडी ठोकळ्यांवरून छापतात. छापलेला प्रत्येक कागद तपासायचं काम माझं. घरात लिहायला शिकलेली पहिली मीच, चूक होता कामा नये. मालकीणबाई तोकुकाकूंनी थट्टा केली, एवढी तपासायची हौस आहे तर भातातले खडेही बघत जा. एका जुन्या चित्रात बहरलेल्या चेरीखाली देवळाच्या पायऱ्यांवर सात बायका-मुली आहेत. या कोण, विचारलं. मालकांनीच काढल्यात, पण त्यांना आठवत नाही.

२६ मार्च
धाकटी बहीण नुई बहर बघायला आली. मालकांनी तिला पायऱ्यांवरची आठवी म्हणून काढलं. ती म्हणाली, ताई, माझं नाक एवढं बसकं आहे होय? काकांना जरा दया करायला सांग. जुन्या ठोकळ्यात तेवढ्यापुरता नवा तुकडा बसवला. त्यावर चित्र उपडं चिकटवून रेघा दिसेपर्यंत कागद बोटांनी चोळून काढायचा असतो. कोरताना त्या रेघाही जातात, हातानं काढलेलं मूळ चित्र उरत नाही. चोळायला मला दिलं. मी एक तंतूही राहू दिला नाही.

३१ मार्च
नुई गावी परतली. पहिले पन्नास कागद निर्दोष. चित्रातली चौथी मुलगी हुबेहूब काकूंसारखी दिसते. काकू म्हणाल्या, हिला पाहिलं की जवळ घ्यावंसं वाटतं, का कोण जाणे. त्यांना मूलबाळ नाही.

५ एप्रिल
नुईची खुशाली विचारली होती. बाबांना लिहिता येत नाही, म्हणून गावच्या पुजाऱ्यांच्या हातचं उत्तर आलं. बाबा विचारतात, नुई कोण? मला मुलगी एकच, ती क्योतोला असते.
बाबा असली थट्टा करत नाहीत.

७ एप्रिल
मालकांना विचारलं, आठवी कोण. आठवत नाही म्हणाले. बारा दिवस झाले फक्त. ठोकळा जाळायला चुलीपाशी नेला. काकूंनी मनगट धरलं. म्हणाल्या, जाळलास तर एवढंही उरायचं नाही गं. त्या रडत होत्या. कशासाठी, त्यांना सांगता येईना. मी ठोकळा जागेवर ठेवला.

८ एप्रिल
नुई. माझी बहीण. सतरा वर्षांची. बसकं नाक, ताई म्हणते. रोज लिहीन, म्हणजे—

९ एप्रिल
नुई. माझी बहीण. आवाज कसा होता—

११ एप्रिल
बहर झडला. मागची पानं वाचली. अक्षर माझंच आहे. नुई म्हणून कुणी होती, आणि तिचा कागद मी या बोटांनी—
रडू थांबत नाही. कुणासाठी, ते