आत्याचा नारंगी शिवदोरा

प्रिय आत्या,

तुला पत्र लिहायची वेळ आयुष्यात कधी आली नाही. आपली घरं हाकेच्या अंतरावर. माझं लग्नसुद्धा तू परळीतच ठरवायला लावलंस, "लांब दिली तर मी भांडू कुनासंगं?" म्हणून. आता मात्र लिहावंच लागतंय. काल तुला शेवटची आंघोळ घालून, भस्म लावून, आपल्या रीतीप्रमाणे खुर्चीत बसवलं आणि तुझ्या गळ्यातल्या दोऱ्यावरून घरात वाद सुरू झाला. तू तिथेच बसली होतीस, पण पहिल्यांदाच मधे बोलली नाहीस. म्हणून काय झालं ते कळवते.

मठातून आलेले महाराज म्हणाले, "लिंग हातावर द्यायच्या आदी ही नाडी काढा. शिवदोरा असा असतो व्हय?" तसं त्यांचंही बरोबरच होतं. लिंग गळ्यात बांधायचा शिवदोरा पांढऱ्या सुताचा. तुझ्या इष्टलिंगाची चांदीची डबी मात्र इतकी वर्षं एका जाड, चपट्या नारंगी नाडीला लटकत होती. धुऊन धुऊन तिचा रंग गाजराच्या किसासारखा फिका झाला होता. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अण्णा दारात उभे होते. माझे वडील असले तरी तुझे धाकटे भाऊ, तुझ्यासमोर ते कधी फार बोललेच नाहीत. आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम ती बोट उभी राहिली.

गावात केबल आली ती क्रिकेटसाठी. पण मला त्यात गाण्यांचं एक चॅनल सापडलं आणि त्या चॅनलवर 'थर्ड बेल' नावाचा बँड. चार पोरं, खांद्यापर्यंत केस, सगळी गाणी इंग्रजी. निम्मे शब्द मला कळायचे नाहीत, तरी गिटार सुरू झाली की अंगावर काटा यायचा. औरंगाबादहून कॅसेट मागवली आणि आपल्या किराणा दुकानातल्या टेपवर इतकी वाजवली की तेलाचे डबे उतरवणारा हमालही गुणगुणायला लागला. वीज आपल्याच गावात तयार व्हायची आणि आपल्याच गावातून जायची. गाणं मधेच मंदावून थांबलं की पुढचं मी तोंडाने पूर्ण करायचे.

अण्णा विचारायचे, "हे गानं हाय का थर्मलचा भोंगा?"

तू गल्ल्यावरून म्हणायचीस, "लावू दे रे तिला. गिऱ्हाईक गप्पा हानत बसत न्हाई, सामान घेऊन चालायला लागतंय." ते माझ्या बाजूने होतं की बँडच्या विरुद्ध, ते मला आजवर कळलेलं नाही.

मग त्या थंड पेयाच्या कंपनीने स्पर्धा काढली. बाटलीच्या बुचाच्या आत चित्रं असायची, ती जुळवून पाठवायची. माझ्या कॉलेजातली पोरं बाटल्या पिऊन ढेकर देत होती आणि आपण दोघी दुकानाच्या पायरीशी पडलेली बुचं वेचत होतो. कुपनावर मी तुझं नाव टाकलं. दुकानाच्या पाटीवर तुझंच नाव होतं, शिवाय तुझ्या हाताला यश आहे असं सगळी गल्ली म्हणायची. आणि खरंच बक्षीस लागलं! मुंबईहून समुद्रात जाणारी मोठी बोट, तिच्यावर 'थर्ड बेल'चा कार्यक्रम. जागा दोघांसाठी, आणि त्यातली एक तुझ्याच नावाची.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "आक्का, लोक तोंडात शेन घालतील. लांब केसाची पोरं, त्यात पान्यातली बोट. उमीचं लगीन व्हायचं हाय अजून."

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "केसाचंच म्हनशील तर महादेवाच्या जटा कुठं आखूड हायत? माज्या नावानं आलंय, मी जानार. सोबतीला उमी."

संपलं. तू एकदा सोबतीचं नाव घेतलंस की ते माणूस निघालेलंच असायचं.

बोटीवर चढताना आपल्या पुढेमागे सगळे काळे टी-शर्ट, मधे तू. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पिशवीत धपाटे, शेंगाची चटणी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली बेलाची पानं. मला आधी वाटलं होतं की मी तुला कुठेतरी मागे बसवून देईन. पण तू सगळ्यांच्या आधी बोलायला सुरुवात केलीस. निळ्या केसांच्या एका मुलीला विचारलंस, "ह्यो रंग धुतल्यावर जातो का गं?" आणि ती तुझ्याशेजारीच बसून धपाटा खायला लागली.

बोट सुटायच्या आधी खलाशांनी सगळ्यांना नारंगी जाकिटं चढवायला लावली. बोट बुडाली तर माणूस तरंगावं म्हणून ही तालीम. "बुडनार असंल तर आताच सांगा, मी उतरते," असं तू खलाशाला म्हणालीस, आणि त्या बिचाऱ्याला मराठी येत असल्यामुळे तो हसू दाबत तुझ्या जाकिटाच्या नाड्या बांधत राहिला. तालीम झाली, जाकिटं डोक्यावरून ओढून काढली, भल्यामोठ्या पेट्यांत गेली. जे व्हायचं ते तिथेच झालं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वरच्या मोकळ्या डेकवर वाजवायला सुरुवात झाली. आत्या, तुला हे मी कधी नीट सांगितलंच नाही. आपल्या टेपवर जे पत्र्यासारखं वाजायचं, ते तिथे बरगड्यांत वाजत होतं. मी माणसांतून वाट काढत अगदी पुढे गेले. गाणारा टीव्हीत दिसायचा त्यापेक्षा बुटका होता आणि घामाने निथळत होता. मला शब्द न् शब्द पाठ होता. आजूबाजूची मुंबईची पोरं माझ्याकडे बघत होती, ही वेणीवाली कुठून आली म्हणून. मला कुणाची पर्वा नव्हती. मग माझं आवडतं गाणं सुरू झालं, ते रेल्वे स्टेशनवर वाट बघणाऱ्या माणसाचं. आणि तुला दाखवावं म्हणून मी मागे वळले.

तू कठड्याजवळच्या खुर्चीत होतीस. एक हात छातीवर, दुसऱ्यात पाण्याची बाटली. बाटलीचं झाकण तसंच लावलेलं. संध्याकाळची पूजा करायला तू हातपाय धुऊन बसली होतीस, हे मला तुझ्या ओल्या पदरावरून कळलं.

मी धावत आले. "काय झालं गं?"

"लिंग न्हाई," तू म्हणालीस. एवढंच.

कपिलधारला जाऊन तू दीक्षा घेतलीस तेव्हापासून लिंगपूजेशिवाय तुझ्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नव्हता. तापातसुद्धा नाही, कुणाच्या लग्नात नाही, तुझे यजमान, आमचे फुफा, गेले त्या दिवशीही नाही. ते लिंगच नसेल तर पूजा कसली आणि पाणी कसलं? आणि तू सगळी दुपार कठड्यावरून वाकून समुद्र बघत बसली होतीस.

"मी त्यांना थांबवायला सांगते."

"न्हाई. लोकांचं गानं मोडू नगं. तीबी तुज्यासारकीच लांबून आली असतील."

"अगं पण तू पाणी पिणार नाहीस!"

"न्हाईच पिनार. पर तू कावून रडायलीस? जा फुडं. ऐकायला आलीस ना, ऐक."

तुझी आज्ञा मोडायची सवय मला नव्हती, म्हणून मी पुढे गेले. माझंच आवडतं गाणं चालू होतं आणि मला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. बाटलीचं ते लावलेलं झाकण दिसत होतं. गाणं अर्ध्यावर असताना मी स्टेजच्या कडेला हात टेकले आणि वर चढले. त्या बँडचं गाणं बंद पडावं असं जिला जन्मात वाटलं नसतं, त्याच मुलीने ते बंद पाडलं.

खालून पोरांनी आरडाओरडा केला. गाणाऱ्याला माझं अंबाजोगाईच्या कॉलेजातलं इंग्रजी समजेना. ढोल वाजवणारा मात्र डोंबिवलीचा निघाला. त्याने ऐकून घेतलं आणि माइक माझ्या हातात दिला. तोवर माइकवर मी कधी शाळेत प्रतिज्ञासुद्धा म्हटली नव्हती. मी म्हणाले, "माज्या आत्याचं लिंग हरवलंय. चांदीची डबी हाय. ती मिळाल्याबिगर ती पानी पीत न्हाई. कुनाला दिसलं तर हात लावू नका, फक्त हात वर करा. दुसऱ्यानं हात लावलेलं तिला चालत न्हाई." डोंबिवलीच्या पोराने ते इंग्रजीत सांगितलं.

आणि आत्या, सगळी बोट गुडघ्यांवर आली. काळ्या टी-शर्टांतली पोरं, निळ्या केसांची ती पोरगी, गिटारवाला. खुर्च्यांखाली, वायरींमधे, पायऱ्यांवर. ओरडणारेसुद्धा वाकले. तू आपली खुर्चीत ताठ. सगळं शोधून झालं, कुणीच हात वर करेना. मला समुद्राकडे बघवेना. तेवढ्यात तो मघाचा खलाशी बाजूने गेला आणि तू त्याला हाक मारलीस. "आरं, त्या नारंगी अंगरख्यात बघा की. डोस्क्यावरनं वडताना गळ्याला काचलं होतं माज्या."

पेट्या उघडल्या. जो तो एकेक जाकीट उचलून हळूच उलटं करून बघत होता. आणि ढोलवाल्याने एक हात वर केला.

तो कसा आला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुटलेला दोरा जाकिटाच्या नाडीत गुंतला होता, डबी तिथेच लोंबत होती. त्याने डबीला बोट लावलं नाही. ते अख्खं जाकीट दोन्ही तळहातांवर ताटासारखं धरून तो माणसांमधून चालत आला, वाकला आणि तुझ्यापुढे धरलं. तू आधी त्याच्या तोंडाकडे बघितलंस, मग लिंग उचललंस.

खलाशाने एका फाटक्या जाकिटाची नाडी कापून दिली, नवा दोरा मिळेपर्यंत बांधायला. आणि तू तिथेच, डेकवर, पूजेला बसलीस. डाव्या तळहातावर लिंग, बाटलीतलं पाणी, बेलाचं पान. कुणी सांगितलं नसताना पोरं तुझ्याभोवती जागा सोडून मांडी घालून बसली. फक्त खाली इंजिनाची घरघर. तू घाई केली नाहीस. आपल्या देवघरात बसावं तशी बसलीस. मला तेव्हा एवढा अभिमान वाटला आत्या, की वाटलं प्रत्येकाला हलवून सांगावं, ही माझी आहे.

पूजा झाली, तू पाणी प्यालीस, तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "वाजवा आता."

गाणाऱ्याने ढोलवाल्याकडून विचारलं, कोणतं वाजवू? तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "हिचं मोडलंय त्ये. पैल्यापासून."

त्यांनी ते पहिल्यापासून वाजवलं. मी तुझ्या खुर्चीशेजारी उभी राहून ऐकलं. पुढे जायची गरजच वाटली नाही.

गावात आल्यावर काय कमी ऐकलंस? म्हातारी बोटीवर नाचायला गेलती, लोक म्हणाले. "नाचले न्हाई, जागा नव्हती," असं तू सांगायचीस. अण्णा महिनाभर आपल्याशी नीट बोलले नाहीत, आणि त्या बोटीचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. तू मात्र साखर तोलता तोलता प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट ऐकवायचीस, उमी माइकवर कशी बोलली ते. दर वेळी बोटीवरची माणसं वाढायची. शेवटी शेवटी तर सगळी मुंबईच तिच्यावर होती.

एक राग आहे माझा. छातीत दुखतंय हे तू कुणाला सांगितलं नाहीस. गल्लीभर गोष्टी सांगायचीस, मग ही एक का नाही सांगितलीस मला? मी बंद पाडलं असतं ना सगळं. मला येतं ते.

असो. कालचं सांगते. महाराज नवा पांढरा दोरा घेऊन पुढे झाले. मी त्यांच्या आणि तुझ्या खुर्चीच्या मधे उभी राहिले. तेवढ्यात अण्णा दारातून आत आले. महाराजांना हात जोडले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या महाराज. आमच्या आक्कानं भर समुद्रात बोट थांबवलती. त्याची निशानी हाय ती."

बोट नव्हती थांबली गं, गाणं थांबलं होतं. पण मी दुरुस्त केलं नाही. म्हणजे गल्ल्यामागे पोती मोजत असताना ते सगळं ऐकत होते, प्रत्येक वेळी! महाराजांनी अण्णांकडे बघितलं, दोरा पिशवीत परत ठेवला आणि लिंग तुझ्या डाव्या हातावर दिलं. नारंगी नाडी तुझ्या मनगटाला गुंडाळली. तशीच गेलीस तू, ताठ, खुर्चीत.

आता तुला शब्द देते. सुतक-फितक आपल्या लिंगायतांत नसतं, उद्यापासून दुकान उघडायचं आहे आणि गल्ल्यावर मी बसणार आहे. अण्णांनीच सांगितलंय. सकाळी लिंगपूजा झाली की 'थर्ड बेल'ची कॅसेट लावीन, आवाज तुझ्याएवढा. वीज गेली तर पुढचं तोंडाने म्हणेन. आणि कुणी विचारलंच, हे काय लावलंय म्हणून, तर तू इतकी वर्षं द्यायचीस तेच उत्तर देईन: "वळखीची पोरं हायत आमच्या."

तुझी,
माइकवाली उमी