डाव्या दिव्याचं कडं

भंडारा, मंगळवार, दिवेलागण

बसलं एकदाचं कडं. पण जीव काही थाऱ्यावर नाही.

बाबांच्या विलायती स्पोर्ट्स कारच्या डाव्या हेडलाइटचं जुनं कडं दिवाळीत मीच मोडीत दिलं. क्रोम उडून आतलं पितळ दिसत होतं. जुन्या भांड्यांच्या टोपलीत पडलेलं होतं, म्हणून फुटक्या तांब्यासोबत भांडी घडवणाऱ्या कारागिराला देऊन पाण्याचा नवा गुंड घेऊन आली. काय देऊन बसली, ते गाडीवरची चादर काढली तेव्हा कळलं. मग बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेल्यावर त्याच कारागिराकडून, उजव्याकडे पाहून, नवं घडवून घेतलं. आणि त्यानं सवयीनं, भांड्यावर टाकतात तसं, त्यावर बाबांचं नाव ठोकून दिलं! नाव खालच्या बाजूला फिरवावं म्हटलं, तर स्क्रूचं भोक एकच. नाव बरोबर वर.

आज बाबा आले. काळा चष्मा लावूनच गाडीपाशी गेले. कड्यावरून हात फिरवला. बोट नावावर थांबलं.

"हे तं नवीन हाय."

"हो बाबा. जुनं मी चुकून मोडीत देलं."

"चुकून कायचं? टोपलीत मीच टाकलं होतं. आता कोण चालवते गाडी, म्हणून."

आठ दिवस माझा जीव टांगणीला, आणि हे! मग नावावरचं बोट काहून काढत नव्हते?

मी गाडीची चाबी मागितली. त्यांनी दिली नाही. पण कायले पाहिजे, असंही विचारलं नाही. मला चालवायची आहे, हे ओळखलं असावं.